श्रीखंडाच्या डब्यातल्या पुंगळ्या

शेजाऱ्यांच्या ओकची एक फांदी आमच्या मागच्या शेडवर आली आहे. सप्टेंबर संपत आला की तिच्यावरच्या बिया पिकतात आणि पत्र्यावर पडायला लागतात. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्, टक्. नेदरलँड्समधल्या या वाखनिंगन गावात पहिल्या वर्षी मी दचकून बाहेर येऊन बघायचे, कोण दगड मारतंय म्हणून. आता त्या आवाजानं मला दुसरा एक आवाज आठवतो. बंदुकीतून उडालेली तापलेली पितळी पुंगळी सिमेंटच्या फरशीवर पडते, तो. आणि तो आठवला की पोटात काहीतरी हलतं. ते काय असतं ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्याची माझी ओळख जुनी आहे. तो मत्सर असतो.

लोक मत्सराबद्दल बोलताना आवाज बारीक करतात. मी करत नाही. शाळेत शेजारच्या मुलीच्या कंपासपेटीपासून ते परवा एकीनं डब्यात आणलेल्या भरल्या वांग्यांपर्यंत मला कशाचाही हेवा वाटू शकतो. माझा नवरा श्रीकांत म्हणतो, "तुझं पोट जेवायला कमी आणि दुखायला जास्त आहे." त्याला गंमत वाटते. पण दोन वर्षांपूर्वीच्या पानगळीत जे दुखलं, त्यात गंमत नव्हती. ते दुखणं एका बंदुकीपायी होतं, आणि बंदूक माझ्या मैत्रिणीची होती.

बंदूक म्हटलं की आधी खुलासा करावा लागतो. माझ्या आईला मी फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, पण मारणार कुणाला आहेस?" मी म्हटलं, "कागदाला." तिनं लगेच जावयाची तब्येत विचारली. हा खेळ आहे, बुद्धिबळासारखा शांत, फक्त कानाला मोठे मफ लावून खेळायचा. सांगलीला कॉलेजात असताना एनसीसीत मी पहिल्यांदा रायफल हातात घेतली. ताडपत्रीवर पालथं पडायचं, खाली मातीचा आणि तेलाचा वास, आणि डोक्यावर हवालदारसाहेबांचा आवाज: "श्वास सोडा, आणि सोडलाय हे विसरा." त्या एका वाक्यावर मी पुढे संशोधन केलं, संसार केला आणि परदेशात आले.

इथं मी बियांच्या प्रयोगशाळेत काम करते. बिया मोजणं, वजन करणं, उगवल्या किती आणि सडल्या किती हे लिहून ठेवणं. तिसऱ्या हिवाळ्यात गावाबाहेरच्या जंगलाच्या कडेला असलेल्या नेमबाजीच्या क्लबची पाटी दिसली आणि मी आत गेले. मग वर्षभर नुसतं सभासद राहायचं, हजेऱ्या भरायच्या, अर्ज करायचे. शेवटी एक पोलीस घरी आला. त्यानं भिंतीला ठोकलेली तिजोरी दोन्ही हातांनी हलवून बघितली, ती हलली नाही, म्हणून खूश होऊन चहा घेतला. परवाना आला त्या दिवशी मी शिरा केला होता.

मधुरा आली ती माझ्यानंतर सहा वर्षांनी. दोन गल्ल्या पलीकडे. तिचा नवरा आयटीत, रोज सकाळी ट्रेननं अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टला जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. नाशिकला ती फिजिओथेरपिस्ट होती. इथं ती कुणाचीतरी बायको एवढीच नोंद होती. पहिल्या हिवाळ्यात एकदा ती माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली, "ताई, आज दिवसभरात मी एक शब्द मोठ्यानं बोलले नाहीये. तुझी बेल वाजवली ना, तेव्हा मला कळलं की माझा घसा बसलाय." मला तिची दया आली. तिचं काहीच माझ्यापेक्षा चांगलं नव्हतं, म्हणून दया यायला जागाही भरपूर होती. पुढच्या शनिवारी मी तिला क्लबवर घेऊन गेले.

मी आणलं तिला. हे वाक्य मी पुढे किती जणांना किती वेळा ऐकवलं असेल, त्याला गणती नाही.

ती शिकली, हे मला आवडलं. भराभर शिकली, हे मला तितकंसं आवडलं नाही. वर्षभरात ती डच बोलायला लागली, परीक्षा देऊन तिला पुन्हा आपलं काम करता यायला लागलं. मी मात्र प्रयोगशाळेत सगळं इंग्रजीत उरकत असल्यामुळे माझं डच सुपरमार्केट आणि डॉक्टरांच्या दारापलीकडे गेलेलं नव्हतं. क्लबच्या कँटीनमध्ये कॉफी आणि चीज घातलेला टोस्ट घेऊन सगळे बसले की मधुरा काहीतरी बोलायची आणि टेबल हसायचं. मीही हसायचे, अर्ध्या सेकंदानं उशिरा. त्या अर्ध्या सेकंदात मी एकटी असायचे.

तरी ते शनिवार चांगले होते, हे कबूल करायला हवं. तिला परवाना मिळाला तेव्हा मीही माझी पहिली बंदूक बदलली, आणि आम्ही दोघींनी एकाच महिन्यात, एकाच दुकानातून, एकाच कंपनीच्या बंदुका घेतल्या. थ्री-ओ-एट कॅलिबरच्या, म्हणजे नळीचं मापही एकच. जुळ्याच म्हणा. माझ्या गाडीतून जायचो. नियमाप्रमाणे बंदुका एकीकडे, काडतुसं दुसरीकडे कुलपात, आणि वाटेत कुठं थांबायचं नाही. मधुराला नेमकं तेव्हाच दही आणायचं असायचं. "दोन मिनिटं लागतील ताई, समोरच तर आहे." मी म्हणायचे, "बंदूक घेऊन दही आणायला जायचं नसतं." मग ती घरी जाईपर्यंत कढीच्या गप्पा मारायची.

शेजारशेजारच्या गाळ्यांत पडून आम्ही नेम धरायचो. समोर शंभर मीटरवर कागद, त्यामागे मातीचा ढिगारा आणि त्याच्यावर पाइनची झाडं. काडतुसांचा मोठा खोका आम्ही मिळून घ्यायचो, अर्धा तिचा, अर्धा माझा. ओल्या लाकडाचा वास, जळक्या दारूचा वास, आणि दोन्ही बाजूंनी फरशीवर पडणाऱ्या पुंगळ्यांचा आवाज. रिकामी पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी कवच. गोळी निघून गेली की ते उरतं. ज्यांना त्यात पुन्हा दारू आणि गोळी भरून काडतूस करता येतं ते उचलून नेतात, बाकीचे कोपऱ्यातल्या बादलीत टाकतात. मला तेव्हा भरता येत नव्हतं, पण पितळ टाकवत नव्हतं. म्हणून मी माझ्या पुंगळ्या घरी नेऊन ठेवायचे. ते पाहून मधुरा तिच्याही गोळा करायला लागली. इंडियन दुकानातून आणलेल्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरायची आणि डबा भरला की मला आणून द्यायची. "तुझ्याच्यानं काही टाकवत नाही, घे." डबा कितीही धुतला तरी वेलदोड्याचा वास जात नसे. उन्हात ठेवला की त्या पुंगळ्यांना श्रीखंडाचा वास यायचा.

आता जे झालं ते सांगते. क्लबचा चार जणांचा एक संघ होता. दर वसंतात तो जर्मनीला जाऊन तीनशे मीटरवरच्या स्पर्धेत उतरायचा. त्यातला एक जण दुसऱ्या गावी राहायला गेला आणि एक जागा मोकळी झाली. निवड ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, वीस गोळ्यांवर. मला ती जागा हवी होती. मला ती तीन वर्षांपासून हवी होती. संघातली माणसं जर्मनीहून परत आली की कँटीनमध्ये एका वेगळ्या तऱ्हेनं बसतात, पाय लांब करून. मला तसं बसायचं होतं.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी मधुरा म्हणाली, "तू पुढे हो ताई, मी आज माझी माझी येते." ती आली आणि तिनं माझ्या शेजारच्या गाळ्यात एक नवीकोरी पेटी उघडली. आत करड्या-हिरव्या दांड्याची बंदूक. सिक्स पॉइंट फाइव्ह, आमच्यापेक्षा बारीक कॅलिबरची. जुनी तिनं विकून टाकली होती. "धक्का लागतच नाही गं खांद्याला. आणि वाऱ्यानं गोळी कमी हलते म्हणे. लांबच्या नेमासाठी आता सगळे हेच घेतात." ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "छान आहे." असं तोंडदेखलं 'छान आहे' म्हणताना माझा वरचा ओठ जागचा हलत नाही, हे मला श्रीकांतनं आरशासमोर उभं करून दाखवलेलं आहे.

मला काय झोंबलं हे मी बरेच दिवस स्वतःशीच घोळवत राहिले. बंदूक झोंबलीच. पण तिनं मला आधी विचारलं नाही, हे जास्त झोंबलं. परवान्यावर नवी बंदूक चढवायला आठवडेच्या आठवडे लागतात. म्हणजे एवढे सगळे शनिवार ती माझ्या गाडीत शेजारी बसून दह्याच्या गप्पा मारत होती आणि हे तिच्या पोटात होतं. शिवाय आता आमचा खोका एक राहिला नव्हता. तिचं काडतूस माझ्या बंदुकीत जाणार नाही, माझं तिच्या. तिची पुंगळी मला उपयोगाची नाही. त्या शनिवारी तिच्या पुंगळ्या माझ्या गाळ्यात घरंगळत आल्या तेव्हा मी त्या बोटानं परत तिच्याकडे ढकलल्या.

घरी श्रीकांतनं नाश्त्याच्या टेबलावर विषय काढला. त्याला बंदुकीतलं काही कळत नाही, माझ्यातलं कळतं.

"दोनच वाटा आहेत," तो म्हणाला. "एक तर तीच बंदूक घे."

"तिची नक्कल करू?"

"नाहीतर आहे त्या बंदुकीसाठी घरी काडतुसं भरायला शीक. तुमच्या क्लबमधला तो म्हातारा विम म्हणत होता ना, विकतच्या काडतुसापेक्षा हाताचं चांगलं असतं म्हणून?"

"विकतचं सगळ्यांच्या बंदुकांच्या मापाचं. हाताचं आपल्या एकटीच्या बंदुकीच्या मापाचं."

"मग? तुझा तर जन्म गेलाय बिया तोलण्यात."

तो बरोबर बोलत होता, आणि त्यानं इतकं सरळ बोललेलं मला आवडलं नाही. मी दोन कागद घेतले. एकावर नवी बंदूक: पुन्हा अर्ज, पुन्हा वाट बघणं, नव्या बंदुकीची सवय व्हायला हिवाळा जाणार, ऑक्टोबरच्या आत शक्य नाही. दुसऱ्यावर भरणं: परवान्यावर तशी नोंद करून घ्यायची, विमकडून शिकायचं, वेळ आणि धीर लागणार. कोणीही पाहिलं असतं तर म्हटलं असतं, किती विचारपूर्वक ठरवतेय. खरं तर पेटी उघडली त्याच क्षणी माझं ठरलं होतं. जुन्या बंदुकीनं नव्या बंदुकीला हरवायचं. मधुराला कळलं पाहिजे की तिनं उगाच घेतली. माझ्या सगळ्या विचाराच्या तळाशी एवढंच होतं.

विम हा क्लबमधला सगळ्यांत जुना सभासद, सत्तरी ओलांडलेला, पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा. त्याचं शेड म्हणजे एक अरुंद खोली, एक खिडकी आणि तिच्याखाली लाकडी टेबलाला बोल्टनं घट्ट केलेला लोखंडी प्रेस. तो प्रेस पाहिला आणि मला चकलीचा सोऱ्या आठवला. वरून दांडा खाली ओढायचा आणि हाताला कळायला हवं कुठं जोर लावायचा आणि कुठं थांबायचं. विमचा एक शब्द होता, "रुस्तिग". म्हणजे सावकाश, शांतपणे. मी दांडा ओढला की तो म्हणायचा रुस्तिग, मी श्वास घेतला तरी म्हणायचा रुस्तिग. माझी पहिली पुंगळी त्यानं हातात घेतली, खिडकीकडे धरून पाहिली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

पण मला ते जमायला लागलं. इतकं जमलं की आजही त्या दिवसांचा मला स्वतःचाच हेवा वाटतो. शेडमध्ये माझा स्वतःचा प्रेस आला. पुंगळ्या वजनाप्रमाणे वेगळ्या करायच्या, हे मला शिकवावं लागलं नाही; दिवसभर मी बियांचं तेच करत होते. पितळ साफ करायला विम कसलीशी पांढरी पूड वापरायचा. माझ्याकडे दिवाळी जवळ आली म्हणून समई आणि निरांजनं घासायला चिंच भिजत घातलेली होती. मी त्याच चिंचेच्या पाण्यात पुंगळ्या टाकल्या आणि नंतर भरपूर पाण्यानं धुतल्या. विमनं त्या पाहिल्या, चष्मा वर केला, आणि विचारलं हे कशानं केलंस. मी चिंचेचा गोळा नेऊन दाखवला. त्यानं तो हुंगला, जिभेला लावला आणि तोंड वाकडं केलं. पुढच्या आठवड्यात त्यानं माझ्याकडून अर्धा किलो मागून नेली.

एक गोष्ट मात्र त्यानं मला तीन वेळा सांगितली. गोळी सुटते तेव्हा पुंगळी फुगते आणि त्या बंदुकीच्या पोटाचा नेमका आकार घेते. म्हणून आपल्याच बंदुकीतली पुंगळी असेल तर तिची फक्त मान, म्हणजे गोळी बसते तो वरचा अरुंद भाग, दाबायची. अंग तसंच ठेवायचं, ते आधीच आपल्या मापाचं झालेलं असतं. नेम त्यानंच सुधारतो. पण पुंगळी दुसऱ्याच्या बंदुकीतली असेल तर तिचं अख्खं अंग दाबून मूळ मापाला आणायलाच हवं. त्याला वेगळा साचा लागतो आणि प्रेस पहिल्यापासून पुन्हा लावावा लागतो. "प्रत्येक बंदुकीचा आपला डबा," विम बोट वर करून म्हणाला. "आणि भरलेलं प्रत्येक काडतूस मापाच्या खाचेत घालून बघायचं, नीट बसतंय का." मी मान हलवली. मी हे वहीत लिहूनसुद्धा घेतलं, आणि खाली रेघ मारली.

निवडीच्या आदल्या रविवारी मी शेडमध्ये बसले होते. बाहेर ऊन होतं, पत्र्यावर ओकच्या बिया पडत होत्या. माझ्या स्वतःच्या चांगल्या पुंगळ्या संपत आल्या होत्या आणि अजून काही काडतुसं हवी होती. फळीवर श्रीखंडाचा डबा होता. मधुराच्या जुन्या बंदुकीतल्या पुंगळ्या, चिंचेनं घासून माझ्या पुंगळ्यांइतक्याच लखलखीत. आता दुसरा साचा काढायचा, प्रेस पुन्हा लावायचा, म्हणजे दुपार जाणार. तेवढ्यात फोन वाजला. मधुरानं फोटो पाठवला होता. नव्या बंदुकीच्या दहा गोळ्या, आणि दहाही भोकं दोन युरोच्या नाण्याखाली झाकली जातील एवढ्या जागेत. खाली लिहिलं होतं, "ताई बघ ना गं 🙈"

मी तो फोटो मोठा करून पाहिला. प्रत्येक भोक वेगळं मोजलं. दहाच होती. मग फोन पालथा ठेवला आणि डबा उघडला. वेलदोड्याचा वास आला. मनात म्हटलं, बंदुका जुळ्याच तर होत्या, एका कंपनीच्या, एका महिन्यातल्या. काय फरक पडणार आहे. मी साचा बदलला नाही. मापाच्या खाचेत घालूनही बघितलं नाही. हात भराभर चालत होते. रुस्तिग म्हणायला तिथं कुणी नव्हतं.

निवडीच्या दिवशी वारा होता. मी चौथ्या गाळ्यात, मधुरा पाचव्या. तेरा गोळ्यांपर्यंत मी तीन गुणांनी पुढे होते. हे मी आज इतक्या दिवसांनी सांगतेय, तरी सांगताना माझी मान ताठ होते. जुनी बंदूक, हातानं भरलेली काडतुसं, आणि मी पुढे. चौदावं काडतूस घातलं आणि ते आत लोटणारा बोल्ट अर्ध्यावर थांबला. मी पुढे ढकलला. जाईना. मी जोर लावला, तेव्हा तो असा अडकला की मागेही येईना. मी हात वर केला. विम आला, त्यानं पाहिलं, मान हलवली आणि मला बंदुकीपासून बाजूला व्हायला सांगितलं. भरलेलं काडतूस आत अडकलं की खेळ तिथंच संपतो. बाजूला मधुराच्या पुंगळ्या पडत होत्या. टक्. टक्. ती थांबली नव्हती, तिला थांबायचं कारणही नव्हतं.

काडतूस बाहेर काढल्यावर सगळे जमले. मला माहीत होतं काय झालंय. एका क्षणात माहीत झालं होतं. वहीतली रेघसुद्धा डोळ्यांपुढे आली. आणि मी मधुराकडे वळून, सगळ्यांच्या देखत, मराठीत म्हटलं, "तुझ्या डब्यातल्या होत्या त्या. तूच दिलेल्या."

मराठीत म्हटलं, कारण तिथं दुसऱ्या कुणाला ते कळणार नव्हतं. कुणी मध्ये पडणार नव्हतं, कुणी तिची बाजू घेणार नव्हतं. तिचं डच माझ्यापेक्षा चांगलं होतं, पण या वाक्यापुढे त्याचा तिला काही उपयोग नव्हता. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती म्हणाली, "सॉरी ताई." एवढंच. मला त्या क्षणी बरं वाटलं. त्यानंतर बरं वाटलं नाही.

जागा तिला मिळाली. वसंतात ती जर्मनीला जाऊन आली. कँटीनमध्ये ती पाय लांब करून बसली नाही, नेहमीसारखीच बसली, आणि त्याचाही मला राग आला. आमचं बोलणं बंद झालं असं नाही. संक्रांतीला तिळगूळ झाला, दिवाळीला तिनं चिरोटे पाठवले, मी चकल्या पाठवल्या. फोनवर "कशी आहेस" आणि "छान" झालं. पण ती तिच्या गाडीतून यायला लागली आणि मी माझ्या. गाडीत बंदूक एकटीच असायची. मधुरा सोबत नसूनही मला वाटेतल्या त्या सुपरमार्केटसमोर दरवेळी दही आठवायचं.

मी भरत राहिले. वजनं, मापं, वही. विमचे हात थरथरायला लागले तसं त्यानं लोकांना माझ्याकडे पाठवायला सुरुवात केली, पण मी कुणाला शिकवायला तयार नव्हते. मला येतं आणि मधुराला येत नाही अशी ही एकच गोष्ट उरली होती. त्या गोष्टीवर मी नागासारखी बसून होते, आणि मला ते कळतही होतं.

गेल्या महिन्यात मधुराचा फोन आला. तिच्या कॅलिबरची तयार काडतुसं दुकानात वेळेवर मिळेनाशी झाली होती. आली तरी प्रत्येक खोका वेगळा निघायचा, नेम जागेवर राहायचा नाही. "दोनच पर्याय आहेत ताई. एक तर पुन्हा कॅलिबर बदलायचं, नाहीतर भरायला शिकायचं. मी परवान्यावर नोंद करून घेतलीये. विमला विचारलं, तर तो म्हणाला, सुजाताकडे जा, ती आता माझ्यापेक्षा नीट करते." मग म्हणाली, "शिकवशील?"

विम असं म्हणाला, हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी दुसरं काही ऐकायच्या आधीच हो म्हणून बसले. फोन ठेवल्यावर दुखायला लागलं. म्हणजे आता हेही तिला येणार. चार शनिवारांत येणार, आणि पाचव्या शनिवारी माझ्यापेक्षा चांगलं येणार. श्रीकांत म्हणाला, "एखादी खुबी लपवून ठेव." तो चेष्टा करत होता. मी खरंच विचार केला, कोणती लपवता येईल.

परवा शनिवारी ती आली, सकाळी दहाला. हवा ओली होती, शेडचं दार फुगलं होतं, लाथ मारून उघडावं लागलं. तिनं टेबलावर डबा ठेवला. तसाच श्रीखंडाचा, पण नवा. आणि झाकण काढायच्या आधीच म्हणाली, "ताई, या फक्त माझ्या बंदुकीतल्या आहेत हं. एकसुद्धा दुसऱ्या कुणाची नाही. मी दोनदा बघितल्यात."

दोन वर्षं मी मनात वाक्यं जुळवत होते. चांगली, लांब, स्वतःला जरा सांभाळून घेणारी. त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हटलं, "मधुरा, त्या दिवशी तुझ्या पुंगळ्यांचा काही दोष नव्हता. विमनं मला तीन वेळा बजावलं होतं. मी ऐकलं नाही. माझी चूक होती, आणि मी ती तुझ्यावर ढकलली."

ती झाकण काढत होती. ते घट्ट बसलं होतं, तिनं नखानं कड उचलली.

"माहितीये मला," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. पार्किंगमध्ये विमला विचारलं मी, पुंगळ्या खराब असतात का म्हणून. मला वाटलं, डबा धुताना माझंच काही चुकलं असेल. त्यानं पावतीच्या मागे चित्र काढून सगळं समजावून सांगितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुलाच बोलायचं होतं ना ते. मला वाटलं, बोलशील दोन-चार दिवसांत." झाकण निघालं. "जरा जास्तच वेळ लावलास."

पत्र्यावर एक बी पडली. दोन दिवाळ्यांचे चिरोटे माझ्या डोळ्यांपुढून गेले. ती हे सगळं पोटात ठेवून ते लाटत होती, तळत होती, वरून साखर पेरत होती. मला तिच्या बंदुकीचा हेवा वाटला होता, डचचा वाटला होता, त्या जागेचा वाटला होता. हे मला कधी जमलं नसतं, आणि आता मला याचाही हेवा वाटत होता.

मी प्रेस लावला. साचा बसवला, तो कसा बसवायचा ते दाखवलं. डबे वेगळे ठेवायचे हे सांगायला गेले तर ती म्हणाली, "ते नको सांगूस, ते पाठ आहे." आम्ही दोघी हसलो, आणि या वेळी माझं हसू वेळेवर आलं. एकही खुबी मी लपवली नाही. मान कुठवर दाबायची, हाताला कुठं कळतं, कुठं थांबायचं, सगळं सांगितलं. मग दांडा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "रुस्तिग."

तिनं श्वास सोडला आणि दांडा खाली ओढला. एकसारखा, कुठंही धक्का न देता. पुंगळी काढून माझ्या हातावर ठेवली. मी ती मापाच्या खाचेत घातली, मग खिडकीकडे धरून फिरवून पाहिली. कुठं काही सापडेना. माझी पहिली कचऱ्यात गेली होती.

"बरोबर आहे का?" मधुरानं विचारलं.

"ठीक आहे," मी म्हटलं. मग राहवेना, म्हणून म्हटलं, "छान आहे गं. फार छान आहे."

पोटात दुखत होतंच. मी पुढची पुंगळी तिच्याकडे सरकवली.